हिरवीचं चोरबटण

चहाचा कप हातात आला की बाबा आधी त्याचा कान डावीकडे वळवायचे. दार लावलं की एकदा ओढून बघायचे, मग ते दुसऱ्याच्या घरचं का असेना. बोलताना चष्मा काढायचे आणि ऐकताना घालायचे. काळ्या टेपचं रीळ मनगटात कड्यासारखं अडकवायचे. टेप तोडली की तिचं टोक न चुकता दुमडून ठेवायचे, पुढच्या वेळी नखाने शोधत बसायला नको. गाडीत बसले की आधी आरसा, मग सीट, मग एक बारीकसा खोकला. घसा साफ असला तरी.

“आणि गुडघा,” आई म्हणाली. “डावा. स्टिअरिंगखालच्या त्या पट्टीला टेकवून बसायचे. प्रत्येक पँट तिथेच विरायची ह्यांची.”

सीटवाले काका लगेच गाडीत वाकले. पट्टीखाली हात घातला, चाचपलं, हात बाहेर काढला.

“काही नाही वहिनी. पट्टीने पँट घासलीय, पँटीने पट्टी. बरोबरीत सुटलेत दोघं.”

आई हसली नाही. लेक बाबांच्या शेडमधल्या बाकावर बसली होती, गाडीकडे पाठ करून. बाकाच्या कडेवरून तिचा अंगठा मागेपुढे फिरत होता.

सकाळपासून तिघांचं हेच चाललं होतं. गेलेल्या माणसाची एकेक सवय आठवायची, आणि त्या सवयीच्या टोकाला एखादं बटण आहे का ते बघायचं. बटण सापडलं तरच हिरवी, बाबांची गाडी, चालू होणार होती. नाही सापडलं तर दुपारी टोचनवाला ट्रक येणार होता आणि तिला दोरी लावून ओढत नेणार होता.

बाबा गाड्यांचे इलेक्ट्रिशियन होते. दिवे, हॉर्न, बॅटरी, वायरिंग, सगळं करायचे. पण लांबून लोक यायचे ते चोरबटणासाठी. चोरबटण म्हणजे गाडीत कुठेतरी दडवलेलं एक साधं बटण, शर्टाच्या गुंडीएवढं. किल्ली फिरवताना ते दाबलं तरच इंजिनापर्यंत पेट्रोल पोचतं. नाही तर गाडी नुसती घरघरते आणि गप्प होते. चोराने कुलूप फोडलं, काच फोडली, खरी किल्ली पळवली, तरी गाडी जागची हलत नाही.

असली बटणं बसवणारे दुसरेही होते. ते सीटखाली बसवायचे, नाही तर पायपुसण्याखाली, आणि चोरांना या जागा तोंडपाठ होत्या. बाबांची रीत निराळी होती. गाडी आली की ते मालकाला तिच्यात बसवायचे, आपण शेजारी बसायचे आणि गप्पांना सुरुवात करायचे. पोरं काय करतात, पाठदुखी कशी आहे, घराला रंग कुठला दिला. लोक वैतागायचे.

“अहो, काम कधी सुरू करताय?”

“सुरू झालंय. हात बसू दे.”

हात बसू दे, म्हणजे कुणी बघतंय हे माणूस विसरू दे. मग हात आपापल्या वाटेने जायला लागतात. कुणी पट्टा लावला की त्याच्या कुलपावर टिचकी मारतं. कुणी छताला हात लावून बघतं. एका डॉक्टरीणबाईंना दाराच्या हँडलवर अंगठी घासायची खोड होती. बाबा त्या वाटेवरच कुठेतरी बटण बसवायचे. मालकाला नवीन काही शिकावं लागायचं नाही. जागा ते तोंडाने सांगायचेच नाहीत. त्याला गाडीत बसवायचे, म्हणायचे, “आता रोजच्यासारखे निघा.” बटण दाबलं जायचं, गाडी सुरू व्हायची, आणि मालक खुळ्यासारखा आपल्याच हाताकडे बघत राहायचा.

“बटण काय लपवायचंय,” बाबा म्हणायचे. “चोर गाडी उसकटून काढेल. पण तुमची खोड कुठून आणेल तो?”

एकदा एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचा मुलगा तावातावाने शेडमध्ये आला. आईची गाडी त्याने चालवायला घेतली होती आणि ती चालू होत नव्हती. मेकॅनिक झाले, बॅटरी बदलून झाली. बाबा म्हणाले, “आईंना आणा.” बाई आल्या. गाडीत बसल्या, पर्समधून चष्म्याचं घर काढलं, दाराच्या कप्प्यात सारलं, किल्ली फिरवली. गाडी फुर्रकन सुरू झाली.

“आई, बटण कुठंय त्यात?”

“कसलं बटण?” बाई म्हणाल्या. “मी नाही हो कसलं बटण बसवून घेतलं.”

सीटवाले काका ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. त्यांचं दुकान शेडला लागूनच होतं. सीटची कव्हरं, गाद्या, दाराचं अस्तर, सगळं ते स्वतः शिवायचे. बाबांना ते ‘चोर’ म्हणायचे. “ए चोरा, चहा निवला.” “चोराच्या शेजारी दुकान थाटलं, म्हणून गिऱ्हाईक पाकीट सांभाळत येतं.” बाबा चष्मा घालून हे सगळं ऐकून घ्यायचे. दोघांची मैत्री जुनी होती, आणि तिला एक कुंपण होतं. काका वायरला हात लावायचे नाहीत. बाबा सीटला हात लावायचे नाहीत. सीटमध्ये बटण बसवायचं तर शिलाई उसवावी लागणार, ती काका परत घालणार, म्हणजे काकांना जागा कळणार. आणि बाबांचा नियम म्हणजे नियम. जागा मालकाच्या हाताला ठाऊक आणि बाबांना. मित्राला नाही, बायकोला नाही. बसवली की त्यांनीही विसरायची.

म्हणून सकाळपासून कुणी सीटकडे वळलंच नव्हतं.

हिरवी बाबांची स्वतःची. दोन दारांची, लांब नाकाची, बुटकी गाडी. कंपनीने ती थोडीच वर्षं काढली आणि बंद केली, तेव्हापासून लोक तिच्यासाठी वेडे झाले. बाबांना ती एका बंद छापखान्याच्या आवारात मिळाली होती. चाकं नव्हती, आणि मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. अंडी उबेपर्यंत बाबा थांबले, असं काका सांगायचे. मग कित्येक वर्षं फावल्या वेळात ते तिच्यात गुंतलेले असायचे. वायरिंग नवं केलं, सगळं एकाच काळ्या रंगाच्या वायरीत, म्हणजे कुणी उघडलं तरी कुठली कुठे जाते ते कळू नये. काकांनी तपकिरी चामड्याच्या सीट शिवल्या आणि कडेने बोटाएवढी गोल पायपिंग घातली. हिरवी रस्त्यावर आली की सिग्नलला लोक काचा खाली करायचे. एक गृहस्थ तर अधूनमधून नुसते येऊन उभे राहायचे.

“देता का?”

“बसून बघा पाहिजे तर,” बाबा म्हणायचे. ते बसायचे, उसासा टाकायचे, जायचे.

एकदा भर दुपारी, बाबा काकांच्या दुकानात डबा खात असताना, चोर आला. दाराचं कुलूप उचकटलं, स्टिअरिंगचं फोडलं. स्टार्टरचा आवाज दोघांनी घास हातात धरून ऐकला. काका धावत सुटले. बाबांनी डब्याचं झाकण लावलं, एकदा ओढून बघितलं आणि मग उठले. तोवर चोर पळाला होता. गाडी जागेवर होती. सीटवर एक लायटर पडला होता. बाबांनी तो पुसून डॅशबोर्डवर ठेवला.

“पाहुणे विसरून गेलेत. येतील न्यायला.”

लायटर अजून तिथेच होता.

आता शेडची जागा मालकाने दुसऱ्याला दिली होती. उद्या कुलूप बदलणार होतं. पलीकडच्या रस्त्यावरचा एक इलेक्ट्रिशियन येऊन बघून गेला होता. भला माणूस. म्हणाला, “डॅशबोर्ड सोडवतो, सगळं कापतो, सरळ वायर टाकतो. दुसरा इलाज नाही. त्यांनी काय करून ठेवलंय ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.” आईने मान हलवली.

“ह्यांनी जोडलेली एक वायर कापायची नाही.”

“मग दोरी लावावी लागेल, ताई.”

दोरी. हिरवी कधी कुणाच्या दोरीला लागली नाही, हे बाबा कुणी न विचारता सांगायचे. पेट्रोल संपलं तेव्हासुद्धा ते कॅन घेऊन चालत गेले होते. आईला तिचं एकच हवं होतं. गाडीने शेडमधून स्वतःच्या चाकांनी बाहेर पडावं, आणि घरच्या दारात उभं राहावं. बाकी मग काय व्हायचं ते होवो.

“दवाखान्यातून घड्याळ मिळालं, चष्मा मिळाला, किल्ल्या मिळाल्या,” आई म्हणाली. “रीळ नाही मिळालं.”

“टेपचं रीळ कोण जपून ठेवतंय वहिनी. टाकून दिलं असेल.”

“हातातून काढायचे नाहीत हो. झोपताना मी काढायचे.”

काका लेकीकडे वळले.

“इन्स्पेक्टर, तू बोल की काहीतरी. तुला सगळं दिसतं.”

लहानपणी ती शेडमध्ये यायची तेव्हा काकांना उलटसुलट प्रश्न विचारून हैराण करायची. हे भोक कशाला? हा दोरा असाच का? काल लाल होता, आज काळा का? तेव्हापासून ती इन्स्पेक्टर. आता ती एका प्रयोगशाळेत नोकरी करत होती, काचेच्या पट्ट्यांवर काय आहे ते दिवसभर भिंगातून बघायची. नजर बापाची होती.

“मी सांगितलं ना सकाळी,” ती म्हणाली.

सकाळी आल्या आल्या तिने सरळ जाऊन डॅशबोर्डमधली ॲशट्रे ओढून बाहेर काढली होती. मागे एक गोल भोक होतं. कडा घासून गुळगुळीत. बटण नव्हतं. वायर नव्हती. भोकात एक छोटं रबरी बूच बसवलेलं होतं. काका म्हणाले होते, “जागा बरोबर शोधलीस, पण चोराने मुक्काम हलवलाय.” तेव्हापासून ती बाकावर बसून होती.

बटण का हलवलं हे तिला माहीत होतं. म्हणजे, तिला तसं वाटत होतं.

तिने लायसन्स काढलं त्याच आठवड्यात हिरवी चालवायला मागितली होती. बाबा म्हणाले होते, “ये रविवारी.” ती गेली. बाबांनी तिला स्टिअरिंगला बसवलं, आपण शेजारी बसले. किल्ली खिशातून काढलीच नाही. प्रयोगशाळेत कुणाशी पटतं, कुणाशी नाही, आईचा गुडघा, पाण्याची टाकी, सगळं बोलून झालं. मग म्हणाले, “चल, आई वाट बघत असेल.” पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. शेडचं दार उघडं, बाहेर उन्हात रस्ता, आणि ती बंद गाडीत बसून स्टिअरिंग धरलेली. रस्त्याने जाणारे हसायचे.

“बाबा, मी लायसन्स काढलंय. फोटो काढायला बसले नाहीये.”

“बस गं जरा. घाई कसली?”

“अहो, किती रविवार? दुकानातल्या काचेत बाहुली बसवतात तशी बसवलीय मला.”

“हात बसू दे.”

हे गिऱ्हाइकाला सांगायचं वाक्य होतं. ते तिला सांगितलं, याचाच तिला राग आला. जीभ सुटली.

“तुमचं बटण ॲशट्रेच्या मागे आहे. आयुष्यात सिगरेट ओढली नाहीत, आणि दर वेळी ॲशट्रे ओढून परत ढकलता. मला कधीच कळलंय. बघायचंय दाबून?”

बाबांनी चष्मा काढला. बोलणार असं वाटलं. पण त्यांनी तो परत घातला.

“बरं,” ते म्हणाले.

“बरं काय?”

“बरं म्हणजे बरं.”

“घरच्या माणसालाही चोरच समजता तुम्ही,” ती म्हणाली, उतरली आणि दार आपटून चालू लागली. मागे आवाज आला. बाबांनी दार एकदा ओढून बघितलं होतं.

पुढच्या रविवारी ती गेली नाही. काम आहे म्हणाली. काम नव्हतं. त्यानंतर मधल्याच एका दिवशी काकांचा फोन आला.

काकांनीच त्यांना पाहिलं होतं. हिरवीचं दार उघडं होतं. बाबा बाहेर गुडघ्यांवर बसले होते आणि कपाळ ड्रायव्हरच्या सीटवर टेकलं होतं. काका दुकानाच्या दारातून ओरडले, “काय रे चोरा, गाडीच्या पाया पडतोयस?” उत्तर आलं नाही. काकांना वाटलं, स्क्रू पडला असेल, शोधत असेल. ते आत गेले, कात्री ठेवली, दोऱ्याची रिळं लावली. परत बाहेर आले तरी तो तसाच.

हे काकांनी एकदाच सांगितलं. दुसऱ्यांदा कुणी विचारलं की ते मशीनवर जाऊन बसतात.

“माझ्यामुळे हलवलं त्यांनी,” लेक बाकावरून म्हणाली.

“काय?”

“बटण. मी जागा ओळखली म्हणून हलवलं. मला मिळायला नको होतं त्यांना.” मग तिने भांडणाचं सगळं सांगितलं. पाठ तशीच ठेवून, शेडच्या भिंतीला सांगितल्यासारखं.

काकांनी आईकडे बघितलं. आई बाकावर तिच्या शेजारी येऊन बसली. तीही त्याच भिंतीकडे बघायला लागली.

“आपली एक पांढरी गाडी होती,” आई म्हणाली. “तुला आठवत नसेल.”

“विकली ना ती?”

“चोरीला गेली. तू शाळेत जायला लागली होतीस, अगदी पहिल्या वर्गात. मागच्या सीटवर झोपायचीस वाटेत, मग शाळा आली तरी हे तुला जरा वेळ गाडीतच झोपू द्यायचे. त्या दिवशी ह्यांनी तुला शाळेच्या दारात सोडलं आणि वळले, तर पुढे कुणाची तरी गाडी बंद पडलेली. हे धक्का मारायला उतरले. आपली चालूच ठेवली. म्हटलं, दोन मिनिटांचं काम. मागे बघतात तर गाडी नाही.”

लेकीने मान वळवली.

“मागच्या सीटवर तुझं पांघरूण होतं. ते घरी आले ना, तर कडी लावून दारातच बसले. गाडीचं एक अक्षर काढलं नाही. एवढंच म्हणाले, आज ही झोपलीच नव्हती गं वाटेत. उतरून पळाली.”

आईने मांडीवरचा पदर नीट केला.

“त्यानंतर ही बटणं सुरू झाली. मला पोलिसांनी विचारलं, गाडीत किमती काय होतं. मी म्हटलं, काही नाही. हे तिथेच उठून बाहेर गेले.”

“मला कुणी का नाही सांगितलं?”

“काय सांगायचं? तू शाळेत होतीस.”

काकांनी नाक ओढलं. “आणि हिला चोर समजतो म्हणे. गाढव आहे ही, वहिनी. इन्स्पेक्टर कसली.”

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. टोचनवाला आला होता.

तो तरणा होता आणि घाईत होता, पण हिरवी बघून त्याची घाई गेली. तिच्याभोवती एक चक्कर मारली, हात मात्र लावला नाही. “काय गाडी आहे!” म्हणाला. मग वाकून पुढे आकडा कुठे अडकवायचा ते शोधायला लागला. “कुणीतरी आत बसा. स्टिअरिंग सरळ धरायचं आणि मी थांबलो की ब्रेक मारायचा. गाडी बंद आहे, ब्रेक कडक लागेल, पाय पूर्ण द्या.”

आईला गाडी येत नव्हती. काकांनी मानेनेच नाही म्हटलं. राहिली ती.

ती आत बसली. रविवारी बसायची तशीच. आरसा नीट केला. सीट नीट होती. तिच्या उंचीची, पुढे सरकवलेली. शेजारची जागा रिकामी होती. डॅशबोर्डवर लायटर होता. पुढच्या काचेतून टोचनवाल्याची पाठ दिसत होती आणि त्याच्या हातातली दोरी. आई बाजूला उभी होती, दोरीकडे न बघण्याचा प्रयत्न करत. लेकीने उजवा हात मांडीजवळ सोडला आणि वाट बघत राहिली.

अंगठा सीटच्या कडेवरून फिरत होता. पायपिंगवरून मागे, पुढे, मागे. तिला त्याचा पत्ता नव्हता.

मग अंगठा अडखळला.

दाराकडच्या बाजूला, मांडीच्या थोडं मागे, पायपिंग सैल होती. अंगठा आत घसरला. आत काहीतरी गुळगुळीत होतं, गार, शर्टाच्या गुंडीएवढं. दाबलं तर टक् झालं.

ती हलली नाही. हात तिथेच ठेवून तिने हाक मारली.

“काका.”

काका आले. वाकले. चष्मा कपाळावर चढवला, डोळे बारीक केले. आणि त्यांचा आवाज एकदम चढला.

“ही कुणी उसवली? ही माझी उसवण नाही. ब्लेडने कापलंय मेल्याने! आणि हे काय, वायरीच्या तारेने टाचलंय? तारेने? माझी सीट!” त्यांनी त्या टाक्यांवरून बोट फिरवलं. वेडेवाकडे, मोठे, एकमेकांवर चढलेले टाके. “हात लावायचा नाही ठरलं होतं आपलं. शेजारी बसलो होतो ना रे मी. हाक मारली असतीस तर दोन मिनिटांत उसवून दिली असती. विचारलंही नसतं कशाला.”

ते बोलत राहिले, सीटशी. शिव्या देत होते आणि दोन्ही हातांनी ते टाके झाकत होते.

आई दुसऱ्या बाजूने येऊन वाकली होती. ती टाक्यांकडे बघत नव्हती. लेकीच्या अंगठ्याकडे बघत होती.

“पांघरुणाचा काठ,” आई म्हणाली.

“काय?”

“झोपताना पांघरुणाच्या काठावरून अंगठा फिरवायचीस. अजून फिरवतेस. बस मिळाली की सीटच्या कडेवर, जेवायला बसलो की टेबलाच्या. तुला माहीत नाही.”

लेकीने अंगठ्याकडे बघितलं. तो दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

एवढे रविवार तिला त्या सीटवर बसवून ते हेच बघत होते. पाण्याची टाकी, आईचा गुडघा, प्रयोगशाळेतली माणसं. बोलायचं कशावरही, बघायचं हातांकडे. आणि तिने ॲशट्रे ओळखली त्या दिवशी ते ‘बरं’ म्हणाले. ते बटण त्यांच्या हाताचं होतं. तिथून काढून त्यांनी ते तिच्या हाताखाली आणलं होतं, जन्मात कधी हात न लावलेल्या सीटमध्ये.

तिने अंगठ्याने बटण दाबून धरलं आणि किल्ली फिरवली.

हिरवी घरघरली. परत घरघरली. गप्प झाली.

टोचनवाला आकडा हातात धरून सरळ उभा राहिला. काकांनी डोळे पुसले, गुडघ्यांवर बसले आणि सीटखालचं पायपुसणं उचललं. नेमके तिथेच बसले होते, जिथे त्या दिवशी बाबा बसले होते. हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा ते क्षणभर थांबले. मग त्यांनी आत बघितलं.

“वहिनी,” ते हळू म्हणाले. “त्या ट्रकवाल्याला म्हणावं, थांब.”

आई सरळ झाली, केस मागे सारले आणि त्या मुलाकडे गेली. तिचा आवाज आत ऐकू येत होता. “तुझी फेरी फुकट गेली बाबा. पण ती दोरी सोड आता. गाडी चालत येणार आहे घरी.”

लेक उतरली आणि काकांच्या शेजारी फरशीवर बसली.

बटणापासून दोन काळ्या वायरी सीटच्या कडेने खाली आल्या होत्या. पहिली जिथे पोचायची तिथे पोचली होती. तिचा पीळ घट्ट होता आणि त्यावर टेप गुंडाळलेली होती, एकावर एक, एकाही ठिकाणी सुरकुती नाही. दुसरीचं टोक सोलून ठेवलेलं होतं. आतलं तांबं चकाकत होतं. ते पिळायला घेतल्यासारखं एका बाजूला किंचित वळलेलं होतं. तिच्या जोडीची वायर समोरच, एका बोटाच्या अंतरावर, तशीच सोललेली होती.

सीटच्या खाली, आत घरंगळून गेलेलं, टेपचं रीळ पडलं होतं. काकांनी हात घालून ते काढलं आणि तिच्या हातात दिलं. तिने फिरवून टोक बघितलं. ते दुमडलेलं नव्हतं.